वारस कोण? होळकरांची दौलत आणि भाऊबंदकी : प्रस्तावना

१५ ऑगस्ट १७९७ रोजी सुभेदार तुकोजीराव होळकर पुण्यात वारले. मागे चार मुलगे होते. पुढच्या चौदा वर्षांत त्यांतले तिघे मारले गेले आणि चौथा भ्रमिष्ट अवस्थेत मरण पावला. मल्हारराव शिंद्यांच्या फौजेशी लढताना पुण्यात पडले. विठोजींना पेशव्यांनी हत्तीच्या पायाला बांधून मारले. काशीराव कैदेत असताना मारले गेले आणि त्याचा ठपका सख्ख्या घरावर आला. उरले यशवंतराव. इंग्रजांना ज्यांच्याशी बरोबरीच्या नात्याने तह करावा लागला असा हा सेनापती, पण १८११ मध्ये भानपुऱ्याला त्यांचा शेवट झाला तेव्हा त्यांच्या दौलतीला वारस म्हणून जेमतेम पाच वर्षांचा मुलगा होता.

तुकोजींच्या मृत्यूच्या तीस वर्षे आधी याच घरावर याहून अवघड वेळ आली होती. तेव्हा तर वारसच उरला नव्हता, आणि तरीही रक्त न सांडता मार्ग निघाला. तो मार्ग काढणारी बाई म्हणजे अहिल्याबाई होळकर, आपल्या जिल्ह्यातली, जामखेड तालुक्यातल्या चौंडीची. २०२४ पासून जिल्हाही तिच्याच नावाने ओळखला जातो. एकाच घराने तीस वर्षांच्या अंतराने एकाच प्रश्नाची दोन इतकी वेगळी उत्तरे कशी दिली? हे पुस्तक त्या प्रश्नाचा मागोवा घेते.

हा प्रश्न बेलापुरात बसून का विचारावा, असे कोणी म्हणेल. होळकरांची राजधानी महेश्वर, पुढे इंदूर. बेलापूर श्रीरामपूर तालुक्यातले प्रवरेकाठचे गाव. पण सुगी झाली की पारनेर-संगमनेरच्या माळांवरून मेंढपाळांचे वाडे आजही खाली उतरतात. शेतकरी खतासाठी रानात मेंढरे बसवतात, धान्य किंवा पैसे देतात, आणि वाडा पुढच्या गावाला निघतो. त्या वाड्याचा कारभार कोणी पाहायचा, हे कुठल्याही सनदेवर लिहिलेले नसते. ज्याला वाटा माहीत, ज्याचा गावोगावी शब्द चालतो, त्याच्या मागे बाकीची कुटुंबे जातात. पटले नाही तर आपली खांडवे घेऊन वेगळी होतात. होळकरांचे मूळ याच जीवनात आहे. नीरेकाठच्या होळ गावच्या धनगर घरात १६९३ मध्ये थोरले मल्हारराव जन्मले, बाप लवकर गेल्यावर खानदेशात तळोद्याला मामा भोजराज बारगळ यांच्याकडे वाढले, आणि घोड्यावर बसून माळव्याचे धनी झाले. त्यांच्या घराच्या पुढच्या पिढ्यांच्या भांडणाकडे पाहताना हा मूळचा धागा विसरला, तर ते भांडण चार लोभी भावांची गोष्ट म्हणूनच वाचले जाते. आजवर बहुतेक वेळा ते तसेच वाचले गेले.

माझे म्हणणे थोडक्यात मांडतो. होळकरांच्या घरात नेता ठरवण्याच्या दोन रीती एकाच वेळी नांदत होत्या. पहिली फिरत्या, लढत्या टोळीची : जो कर्ता, ज्याच्या मागे माणसे चालतात, तो पुढारी. दुसरी वतनदारीची : थोरला, औरस, कागदावर ज्याचे नाव, दरबाराने ज्याला वस्त्रे दिली तो धनी. राज्य वाढते होते तोवर दोन्ही रीती शेजारी नांदल्या, कारण प्रत्येक कर्त्या पुरुषाला नवा मुलूख मिळत होता. मुलूख वाढायचा थांबला तेव्हा त्या समोरासमोर आल्या. आणि निवाडा करायला बसलेल्यांचा त्या भांडणातच फायदा होता. घर बुडाले ते तिथे.

असे घडलेले हे एकटे घर नव्हे. अरबस्तानातल्या बदाऊ टोळ्यांमध्ये शेखपद एका घराण्यात राहते, पण ते थोरल्या मुलाकडेच जाईल असा नेम नसतो. भाऊ, पुतणा, चुलत भाऊ, ज्याच्याकडे धैर्य, दातृत्व आणि निवाडा करण्याची अक्कल दिसते त्याच्यामागे तंबू उभे राहतात. वाळवंटात ही रीत शहाणपणाची आहे. नेभळट शेख म्हणजे विहिरी आणि कुरणे गमावणे. पण हीच टोळी शहर ताब्यात घेऊन राज्य करू लागली की तीच रीत घात करते. शम्मर टोळीच्या अल-रशीद घराण्याने १८३६ मध्ये हाइल शहरी आपली सत्ता बसवली. संस्थापक अब्दुल्लाचा मुलगा तलाल १८६८ मध्ये गेला. त्याच्या जागी आलेला भाऊ मुतइब पुतण्यांच्या हातून मारला गेला. त्या पुतण्यांना त्यांचा दुसरा काका मुहम्मद याने संपवले आणि १८९७ पर्यंत राज्य केले. मुहम्मदची कारकीर्द घराण्याची सर्वांत वैभवाची. पण तो निपुत्रिक गेला आणि खुनांची मालिका पुन्हा सुरू झाली. एका बाजूला तुर्कांची मदत, दुसऱ्या बाजूला प्रतिस्पर्धी इब्न सौदला इंग्रजांचा आधार, आणि १९२१ मध्ये हाइल सौदांच्या हाती गेले. होळकर आणि रशीद यांचा एकमेकांशी कधी संबंध आला नाही. पण दोन्ही घरांची चरित्रे शेजारी ठेवली की स्वभावदोषांपलीकडचे कारण दिसू लागते.

ते कारण चौदाव्या शतकातच एका माणसाने ओळखले होते. ट्यूनिसमध्ये जन्मलेल्या इब्न खल्दूनने आपल्या ‘मुकद्दिमा’ या ग्रंथात लिहिले की भटक्या टोळ्या आपसातल्या घट्ट बांधिलकीच्या जोरावर राज्ये जिंकतात. सत्ता स्थिरावली की ती बांधिलकी सैल होते, राजा आप्तांना दूर करून भाड्याच्या लोकांवर विसंबतो, आणि साधारण चार पिढ्यांत वैभव ओसरते. होळकरांचा इतिहास या चौकटीत तंतोतंत बसतो असा माझा दावा नाही. पण भाड्याच्या तलवारीबद्दल त्याने म्हटलेले इथे शब्दशः खरे झाले. यशवंतरावांचा साथीदार अमीरखान १८१७ मध्ये इंग्रजांशी स्वतंत्र करार करून टोंकचा नवाब झाला. दुसरा सरदार गफूरखान याला जावरा मिळाले. ज्यांना घरच्या भांडणासाठी बोलावले त्यांना संस्थाने मिळाली आणि घरच्यांचा मुलूख गेला.

आता मूळ कथेकडे येऊ. थोरल्या मल्हाररावांचा एकुलता मुलगा, अहिल्याबाईंचा पती खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात तोफेच्या गोळ्याने ठार झाला. मल्हारराव १७६६ च्या मे महिन्यात आलमपूरला वारले. नातू मालेराव गादीवर आला आणि वर्षाच्या आत, १७६७ मध्ये, तोही गेला. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी सुचवले की लांबचे एखादे मूल दत्तक घ्यावे आणि अहिल्याबाईंनी नेमणूक घेऊन स्वस्थ बसावे. पेशव्यांचे चुलते राघोबादादा दिवाणाच्या पाठीशी होते. मूल दत्तक आले असते तर सत्ता दिवाणाकडे आणि पैसा दादांकडे गेला असता, हे बाईंनी ओळखले. त्यांनी शिंदे, भोसले, गायकवाड यांच्याकडे संधान बांधले, फौज सज्ज ठेवली आणि थेट पुण्याला माधवराव पेशव्यांकडे दाद मागितली. माधवरावांनी त्यांची बाजू उचलून धरली. राघोबांना माघारी फिरावे लागले.

त्यानंतर अहिल्याबाईंनी केलेली व्यवस्था मला त्यांच्या घाट-मंदिरांइतकीच मोठी वाटते. त्यांनी सत्तेचे दोन भाग केले. फौज आणि मोहिमा तुकोजी होळकरांकडे दिल्या. तुकोजी मल्हाररावांच्या जवळच्या नात्यातले नव्हते, पण त्यांच्या हाताखाली तयार झालेले, सैन्याला मान्य असलेले होते. म्हणजे टोळीची रीत पाळली गेली. मुलकी कारभार, खजिना आणि शब्द मात्र स्वतःकडे ठेवला, आणि वस्त्रे पुण्याहून आणवली. म्हणजे कागदाची रीतही पाळली गेली. या सगळ्याला जमीन होती ती खासगीची. १७३४ मध्ये बाजीराव पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावे वेगळा मुलूख करून दिला होता, आणि सासूची ती खासगी सुनेकडे आली होती. स्वतःच्या उत्पन्नाचा आधार असलेली बाई कोणाच्या नेमणुकीवर जगत नाही, म्हणून तिला वाटाघाटी करता येतात. वयाने मोठे असलेले तुकोजी अहिल्याबाईंना आई म्हणत. पैशावरून दोघांत कुरबुरी झाल्या, पत्रांत कडू शब्द आले, पण ही जोडी अठ्ठावीस वर्षे तुटली नाही.

इथे मला एक अवघड गोष्ट सांगायची आहे. अहिल्याबाईंवर आपले प्रेम आहे म्हणून ती टाळणे बरे नव्हे. त्यांची व्यवस्था दोन माणसांच्या परस्परविश्वासावर उभी होती आणि त्या माणसांनंतर काय, याचा पक्का बंदोबस्त झाला नाही. त्यांच्या स्वतःच्या घरात दुःखाची रांग लागली होती. नातू नथ्याबा गेला, त्यामागून जावई यशवंतराव फणसे, आणि १७९१ मध्ये मुलगी मुक्ताबाई सती गेली. दुसरीकडे तुकोजींचा मुलगा मल्हारराव उतावळा आणि धाडसी. १७९३ मध्ये लाखेरीला शिंद्यांच्या कवायती पलटणींसमोर होळकरांची फौज मोडली आणि दोन्ही घरांत कायमचा सल राहिला. थोरले काशीराव शरीराने अधू, स्वभावाने मवाळ. काशीरावांनी महेश्वरी राहून कारभार पाहावा आणि मल्हाररावांनी फौज सांभाळावी, अशी अहिल्याबाई आणि तुकोजी या दोघांचीही इच्छा होती असे कंपनीचा अधिकारी जॉन माल्कम नोंदवतो. म्हणजे जुनीच वाटणी पुढच्या पिढीत न्यायची. पण इच्छा ही इच्छाच राहिली. १३ ऑगस्ट १७९५ रोजी अहिल्याबाई गेल्या, दोन वर्षांनी तुकोजी गेले, आणि ती वाटणी अंमलात आणायला अधिकाराचे कोणी उरले नाही.

काळही वाईट होता. १७९४ च्या फेब्रुवारीत महादजी शिंदे वारले आणि पंधरा वर्षांच्या आतबाहेरचे दौलतराव दत्तक वारस म्हणून आले. महादजींच्या विधवांशी त्यांचे लवकरच वैर जुंपले. १७९५ च्या ऑक्टोबरात सवाई माधवराव गेले आणि पेशवाईच्या गादीवरून वर्षभर कारस्थाने चालली. म्हणजे साडेतीन वर्षांत पेशवे, शिंदे आणि होळकर या तिन्ही घरांत वारशाचा प्रश्न उभा राहिला. एकाच्या भांडणात दुसऱ्याने निवाडा करायचा, तर निवाडा करणाराच स्वतःच्या गादीवर अस्थिर बसलेला. होळकरांच्या भावांपैकी मल्हाररावांचा ओढा नाना फडणिसांकडे होता. काशीरावांनी दौलतरावांचा हात धरला, आणि दौलतरावांनी ही मदत फुकट केली नाही. १४ सप्टेंबर १७९७ च्या पहाटे भांबुर्ड्याच्या तळावर शिंद्यांची फौज चालून गेली. मल्हारराव पडले. त्यांचा मुलगा खंडेराव पुढे शिंद्यांच्या ताब्यात राहिला. विठोजी कोल्हापूरकडे आणि यशवंतराव नागपूरकडे निसटले.

विठोजी आणि यशवंतराव औरस नाहीत, असे त्या काळच्या कागदांत म्हटले जाते. या शिक्क्याचा उपयोग कोणी, केव्हा केला ते पाहण्यासारखे आहे. तुकोजी जिवंत असताना ही मुले फौजेत वावरत होती, लढत होती. गादीचा प्रश्न आला तेव्हा ती एकाएकी परकी ठरली. यशवंतरावांनी त्यावर काढलेली तोड अशी : स्वतःसाठी गादी न मागता पुतण्या खंडेरावाच्या नावाने झेंडा उभारला. कागदाची रीत त्यांनी पुतण्याच्या नावाने भागवली आणि टोळीची रीत स्वतःच्या घोड्याने. नागपूरकरांच्या कैदेतून सुटल्यावर त्यांच्याजवळ मूठभर स्वार होते. भिल्ल, पेंढारी, पठाण जमत गेले, आणि १७९९ मध्ये महेश्वर त्यांच्या हाती आले. माणसे ज्याच्यामागे चालतात तो पुढारी, याचे मराठ्यांच्या इतिहासात याहून ठसठशीत उदाहरण थोडके.

१८०१ च्या एप्रिलमध्ये दुसऱ्या बाजीराव पेशव्यांनी विठोजींना पुण्यात हत्तीच्या पायी दिले. भावाच्या जिवासाठी यशवंतरावांनी केलेल्या विनवण्या वाया गेल्या. त्याच वर्षी शिंद्यांच्या फौजेने इंदूर लुटले. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, हडपसरच्या मैदानावर यशवंतरावांनी शिंदे-पेशव्यांचा पराभव केला. त्यांच्या मागण्या आधीपासून स्पष्ट होत्या : खंडेरावाची सुटका आणि होळकरांचा मुलूख परत. ही वारसाहक्काची मागणी होती, पुण्याच्या राज्याची नव्हे. बाजीराव मात्र पळाले आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईला इंग्रजांच्या आश्रयाचा तह करून बसले. पुढच्या ऑगस्टमध्ये आर्थर वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला. एका घरातल्या वारसाच्या भांडणापासून दख्खनच्या स्वातंत्र्याच्या शेवटापर्यंतचा रस्ता पाच-सहा वर्षांचा आहे.

त्या रस्त्यावर आपला जिल्हा होता. जिल्ह्याच्या १८८४ च्या गॅझेटियरमध्ये १८०३-०४ च्या भीषण दुष्काळाचे कारण पावसाच्या ओढीबरोबरच होळकरांच्या फौजांनी आणि पेंढाऱ्यांनी केलेली धूळधाण असे दिले आहे. उभी पिके चारली गेली, बैल गेले, गावे ओस पडली. नगरला उपाशी लोकांसाठी कामे काढण्याची वेळ आली. यशवंतरावांच्या शौर्याने माझा ऊर भरून येतो, पण प्रवरा-गोदावरीच्या या पट्ट्यात ज्यांच्या तोंडचा घास त्या घोड्यांनी खाल्ला, त्यांनाही या पुस्तकात जागा आहे. गादीचा वाद भाऊ-भाऊ लढतात आणि त्याचा सारा रयत भरते.

पुढचे थोडक्यात. १८०४ मध्ये यशवंतरावांनी कर्नल मॉन्सनची फौज पळवून लावली, १८०५ च्या डिसेंबरात राजघाटचा तह केला. त्यानंतर पुतण्या खंडेराव मरण पावला आणि काशीराव मारले गेले. दोन्ही मृत्यूंचा संशय यशवंतरावांवर घेतला गेला, आणि त्याच सुमारास त्यांची मती फिरली. त्यांच्यानंतर त्यांच्या राणीवशातल्या तुळसाबाईंनी त्यांच्या लहान मुलाच्या, मल्हाररावांच्या, नावाने कारभार चालवला. २० डिसेंबर १८१७ रोजी होळकरांच्याच सरदारांनी क्षिप्रेच्या काठी तुळसाबाईंचा शिरच्छेद केला. दुसऱ्या दिवशी महिदपूरला पराभव झाला आणि ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह. १८३३ मध्ये हे मल्हारराव निपुत्रिक गेले, तेव्हा दत्तक बाळाला बाजूला सारून सैन्याने महेश्वरच्या कैदेतून हरिरावांना काढले आणि गादीवर बसवले. हरिराव हे हत्तीच्या पायी गेलेल्या विठोजींचे पुत्र. १८४४ मध्ये मात्र वारस इंग्रज रेसिडेंटने ठरवला. गादी घरातच राहिली, ती कोणाला द्यायची हा अधिकार घराबाहेर गेला.

साधनांविषयी एक सावधगिरी. या काळाची सर्वांत वाचली जाणारी हकिगत माल्कमची, १८२३ ची. माणसे चितारण्यात तो कुशल, अहिल्याबाईंविषयी आदराने भरलेला. पण हाच माल्कम महिदपूरला होळकरांविरुद्ध लढला होता. ज्या घराचा पाडाव आपण केला, ते घर आधीच आतून किडले होते असे लिहिणे जेत्याला सोयीचे असते. म्हणून त्याच्या मजकुरापुढे होळकरांची कैफियत आणि पारसनीसांनी प्रसिद्ध केलेली महेश्वर दरबारची बातमीपत्रे ठेवली आहेत. जिथे दोन्हींत मेळ नाही तिथे मी कोणत्याही एकाला खोटे ठरवण्याची घाई केलेली नाही.

पुस्तकाची मांडणी काळाच्या क्रमाने आहे. पहिला भाग मल्हारराव आणि गौतमाबाईंची खासगी, दुसरा अहिल्याबाई आणि तुकोजी, तिसरा चौघे भाऊ, चौथा तुळसाबाईंपासून १८४४ पर्यंत. पाचव्या भागात हाइलच्या रशीद घराण्याशी तुलना केली आहे. घाई असलेल्या वाचकाने तिसऱ्यापासून सुरुवात केली तरी चालेल, पण दुसरा भाग गाळू नये. घर मोडते कसे हे समजायला ते आधी जुळले कसे हे माहीत असावे लागते.

आणि एक उत्तरकथा. १९६१ मध्ये इंदूरचे शेवटचे महाराज यशवंतराव वारले तेव्हा भारत सरकारने वारस म्हणून त्यांच्या कन्या उषाराजे यांना मान्यता दिली. तोवर राज्य उरले नव्हते, मान उरला होता. तरीही ज्या घराला अहिल्याबाईंनी तारले, त्या घरात मुलगी स्वतःच्या नावाने वारस व्हायला जवळजवळ दोनशे वर्षे लागली. महाराष्ट्रात मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलग्यांबरोबरीने जन्मसिद्ध हक्क १९९४ च्या कायद्याने मिळाला, देशभर २००५ मध्ये. सातबाऱ्यावर त्यांची नावे लागण्याऐवजी हक्कसोडपत्रावर त्यांच्या सह्या घेण्याची घाई अजून गावोगाव दिसते. ऊस, विहीर आणि बांध यांवरून सख्खे भाऊ तालुक्याच्या कोर्टात पिढी घालवतात. हे वाचणाऱ्या अनेकांच्या घरात असा दावा चालू असेल. त्यांना या पुस्तकातली माणसे परकी वाटणार नाहीत.

त्यांना आणि सगळ्याच वाचकांना माझी एक विनंती आहे. या चार भावांत नायक आणि खलनायक शोधू नयेत. काशीराव दुबळे होते म्हणून दुष्ट नव्हते, यशवंतराव शूर होते म्हणून निर्दोष नव्हते. प्रत्येक प्रकरण वाचताना दोनच प्रश्न मनाशी धरावेत. वाटणी करण्याचा अधिकार असलेला माणूस हयात असताना ती सगळ्यांसमोर पक्की का झाली नाही? आणि भांडण लागल्यावर जो मध्यस्थ म्हणून धावून आला, त्याला ते मिटण्यात लाभ होता की पेटते राहण्यात? १७६७ मध्ये माधवराव पेशव्यांना ते मिटण्यात लाभ होता. १७९७ मध्ये दौलतरावांना पेटते राहण्यात. त्या तीस वर्षांतला सगळा फरक मला या एका गोष्टीत दिसतो.

बेलापूर, ता. श्रीरामपूर
जि. अहिल्यानगर